लाल काचेत धूर दिसत नाही

मसाई पठारावर पोचले तेव्हा उजाडून गेलं होतं.
ट्रायपॉडचा एक पाय नेहमीसारखा
जांभ्याच्या खळगीत घसरला.
त्याखाली चप्पल सारली.
आता एका पायात चप्पल, दुसऱ्या पायाला दव.

पिशवीतून दस्तगीरमामांचा डबा काढला. तपकिरीचा.
आत कापसावर चार काचा:
पिवळी, नारिंगी, हिरवी, लाल.
पत्र्याला अजून वास आहे,
दरवेळी उघडताना मी श्वास धरते.

लक्ष्मीपुरीत, डार्करूमच्या उंबऱ्यावर बसून
मामा एकेक काच उजेडाला धरायचे,
मंडईत वांगं फिरवून बघावं तशी.
"पिवळी म्हंजे मीठ. हाय ते कळाय नको,
न्हाई ते कळतंय.
नारिंगी जांभ्याला.
हिरवी उसाला, पर ऊस कवळा पायजे,
पाचटाला हिरवी लावून काय करतीस?
आन् लाल..."
इथं थांबून ते चहा प्यायचे.
"लाल लई बोलती.
आभाळ काळंठिक्कर करती, ढग अंगावर घालती.
वर तीन स्टॉप उजेड खाती ते येगळंच."

माझा कॅमेरा दोन डोळ्यांचा.
वरच्यानं बघायचं, खालच्यानं घ्यायचं.
मान वाकवून बघते तर
डावीकडचा पन्हाळा उजवीकडे जाऊन बसलेला.
आणि काच लावायची ती खालच्या डोळ्याला,
म्हणजे मी जे बघते त्यात ती नाहीच.
लाल लावा, हिरवी लावा,
वर तेच सकाळचं साधं पठार.
काय केलंस ते कळणार आठवड्यानं,
हायपोच्या वासात.

ढग आले होते. ऐटबाज,
लाल मागणारे.
हात डब्याकडे आपोआप गेला.
काच चढवली, मीटर बघितला, मनात तीन घरं उतरले:
एक अष्टमांश सेकंद. गवत हलेल.
हलू दे.

"त्यातनं काय दिसतंय?"
मागं एक पोरगी. हातात काठी, पुढं दोन म्हशी.
नाव मायाक्का.
दिसत काहीच नाही, हे तिला कसं सांगायचं?
लाल काच उतरवून तिच्या हातात दिली.
तिनं एक डोळा मिटला, खाली कासारीच्या खोऱ्याकडं बघितलं,
काच बाजूला केली, पुन्हा लावली.
"जाळ इझला जणू."
"कुठला?"
"गुऱ्हाळाचा. बा चुलवाणावर हाय.
ह्यातनं धूरच न्हाई."

मी घेऊन बघितलं.
खोरं लख्ख. बांध, नदीचं वळण, उसाची रानं आखल्यासारखी.
धुराड्यांच्या तोंडाशी तेवढे पांढरे झुबके,
आणि रानांवर कंबरेइतका पसरलेला
तो निळसर, पातळ, गोड धूर
कुठंच नाही.
सात गुऱ्हाळांची रात्रभरची चिपाडं
एका काचेनं गिळलेली.

हे मामांनी सांगितलं नव्हतं.
किंवा चहा प्यायला थांबायचे
तेव्हा सांगत असतील.

निळी काच डब्यात नाही, कधीच नव्हती.
पिवळीसुद्धा थोडा खाणार.
मग काहीच लावलं नाही.
कृष्णधवल रोल, बारा चौकोन;
त्यातला पहिला उघड्या भिंगानं घेतला.
आभाळ पांढरंफटक येईल, प्रिंटवर बघणारा म्हणेल,
ढग होते ना गं त्या दिवशी?
होते.

तोवर मायाक्कानं हिरवी उचलली होती
आणि म्हशीला त्यातून बघून
एकटीच हसत होती.

ढग अजून तिथंच उभे, वाट बघत.
दुसऱ्या चौकोनाला दिली त्यांना लाल.
का नाही द्यायची?
तिसऱ्याला शिंक आली.